मेलेल्या बाईची जनरल शिफ्ट

मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा माझ्या कपाटाच्या खालच्या खणात तुम्हाला सात इंग्रजी पुस्तकं सापडली. बांधणी सुटलेली, कडा पिवळ्या, आणि प्रत्येकावर तीच बाई: लांब कोट, पांढराफटक चेहरा, काखेत पिशवी. "आजी, तू भुताच्या थ्रिलर वाचायचीस?" असं विचारून तुम्ही दोघं हसत सुटलात. मग विमानाची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. काही अर्धवट राहिलं की मला चैन पडत नाही, म्हणून लिहिते आहे.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तुमचे आजोबा तिथल्या स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर होते. मी नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्या बी.ए.चा उपयोग असा की आमची क्वार्टरांची सगळी लाइन माझ्याकडून इंग्रजी अर्ज लिहून घ्यायची. रजेचे, बदलीचे, शाळेतल्या प्रवेशाचे. माझे नियम ठरलेले होते. कुणाकडून काही घ्यायचं नाही. कार्बन लावून एक प्रत आपल्या फायलीत ठेवायची. आणि सही करणारा जे सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल त्यात घालायची नाही. या तिसऱ्या नियमाचा मला फार अभिमान होता.

ती सात पुस्तकं भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारात रद्दीवाल्याकडे सुतळीत बांधलेली मिळाली. परदेशातल्या एका मोठ्या शहराची गोष्ट. एक बाई नदीत बुडून मरते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून कामावर जाते. तिची नोकरी रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात. तिची नाडी लागत नाही, तिला भूक नाही, झोप नाही. पण तिला एक अट आहे. रोज कामावर हजर व्हायचं. एक दिवस जरी चुकला तरी ती कायमची संपली. लोकांनी विसरलेल्या छत्र्या आणि पेट्या हाताळताना तिला कळतं, कुणाचा खून झालाय. दर पुस्तकात एक खून, आणि दर पुस्तकात मेलेल्यांना हुडकणारा एक अधिकारी तिच्या आणखी जवळ येतो. मी पहिलं पुस्तक भाजी फोडणीला टाकून उभ्याउभ्या वाचलं, आणि भाजी लागली.

हिवाळ्यात दुपारी आम्ही बायका क्वार्टरमागच्या गवतावर उन्हात बसून स्वेटर विणत असू. मला विणकाम कधी जमलं नाही. म्हणून तोड निघाली: मी पुस्तकातली गोष्ट मराठीत सांगायची आणि माझ्या स्वेटरचे पाठ-पोट इतरांनी विणायचे. तुमच्या बाबांचा तो निळा स्वेटर पाच हातांनी विणलेला आहे. एक बाही घट्ट आणि एक ढिली का, ते आता कळलं असेल.

पहिल्याच दिवशी अडचण आली. शेजारच्या वहिनी, म्हणजे आजोबांच्या खात्यातल्या हेडक्लार्कच्या पत्नी, मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"ते परदेशातलं गाव आमाले काही दिसून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "आपल्याच प्लांटात लावा ना तिले नोकरीले."

मी लावली. बाई भिलाईची झाली, हजेरी लागते त्या टाइम ऑफिसात बसू लागली.

"मंग तिले रविवारची सुट्टी?"

"नाही. रोज जावं लागतं."

"सी.एल. बी नाही? अवो बाप्पा! मेल्यावरही सी.एल. नाही!"

पुस्तकातली बाई आपले गार हात लपवायला हातमोजे घालायची. भिलाईच्या मे महिन्यात हातमोजे म्हटल्यावर सगळ्या इतक्या हसल्या की टाके सुटले. तेव्हा एका कोपऱ्यातून आवाज आला, "चहाचा गिलास धरून बसत असन. हात गरम राहते."

हे बोलली ती रस्त्यापलीकडच्या लहान क्वार्टरांमधली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिचा नवरा रोलिंग मिलमध्ये कामगार होता, आणि पावसाळ्यात काविळीनं गेला होता. पाच वर्षांची मुलगी. ती कुणात फारशी मिसळायची नाही. वहिनींनीच तिला ओढून आणलं होतं, आणि ती सर्वांत लांब, कुंपणाला पाठ लावून बसायची. पण गोष्ट ऐकायची ती कान टवकारून. मी म्हटलं, बाई गेटवर टोकन टाकते आणि आत जाते. तर ती म्हणाली, "टाकत नाही बाई. बोर्डावरून आपल्या नंबरचं काढते, मंग आत जाते. बोर्ड रिकामा दिसला का माणूस हजर." नवऱ्यानं जेवताना सांगितलेलं तिला सगळं पाठ होतं. शिफ्ट कशी बदलते, रिलीव्हर आला नाही तर कोण थांबतं, कुठला फोरमन शिव्या देतो. मी इंजिनिअरची बायको, पण प्लांटचा भोंगा सोडला तर मला आतलं काही माहीत नव्हतं. हळूहळू त्या मेलेल्या बाईचा दिवस ती सांगायची आणि तिचे खून मी.

मी कुठल्या दिवशी काय सांगितलं याची टिपणं एका वहीत ठेवत असे, कारण कुंपणाशी बसलेली ती चूक पकडायची. "बाई, मंगळवारी तुम्ही तिचा जिना डाव्या हाताले सांगतला होता."

नवरा नोकरीत असताना गेला म्हणून घरातल्या एकाला प्लांटमध्ये नोकरी मिळणार होती. एकालाच. पहिला हक्क बायकोचा. तिचे कागद गेले होते, बोलावणं यायचं होतं. सगळ्या लाइनीला हे माहीत होतं. आणि तिच्या सासऱ्यांना, तिकडे गोंदियाकडच्या गावात, हेही माहीत होतं की तिनं लिहून दिलं तर ती नोकरी त्यांच्या धाकट्या मुलाला मिळू शकते.

ते जानेवारीत आले. एका शुक्रवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात उभे राहिले. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, हातात चिन्नोर तांदळाची थैली. मागे दाराच्या चौकटीपाशी ती, डोक्यावर पदर. थैली मी परत त्यांच्या हातात दिली. ते ओशाळले. वाईट माणूस नव्हता तो, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे.

"बाई, तुम्ही साऱ्यायचे अर्ज लिहिता म्हणते," ते म्हणाले. "एक आमचा लिहा. सून लिहून देते का नोकरी माझ्या लहान्या पोराले द्या म्हणून. लहाना हथखोजले एका कारखान्यात लागला होता, नाही टिकला तिथं. वावर हाय दीड एकर. त्यात काय होते? आन् बाईमाणसानं प्लांटात कायले जाव? सून आन् नात माझ्या घरी राहतीन. मी हाव तवरिक त्या दोघी दोन्ही टाइम जेवतीन."

मी तिच्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"बाबा म्हणतात तसं लिहा," ती जमिनीकडे बघून म्हणाली.

सही करणारी जे सांगते तेच लिहायचं. मी कागदात कार्बन घातला आणि लिहिलं. अर्ज चांगला वठला. शेवटी, असल्या पत्रात असतंच म्हणून, मी एक वाक्य घातलं: हे मी माझ्या पूर्ण खुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. हात सवयीनं तिकडे गेला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं मराठीत सही केली, एकेक अक्षर सुटं. सासऱ्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला; ऑफिसात द्यायचा तो सोमवारी.

ते गेले आणि मी फायलीत प्रत लावायला बसले. लावण्याआधी नियमाप्रमाणे एकदा वाचली. त्या शेवटच्या वाक्याशी माझी नजर अडली. उठले, पाणी प्यायले, परत वाचलं. माझा स्वतःचा नियम मीच मोडला होता, आणि मोडल्याचं मला लिहिताना जाणवलंही नव्हतं. तो कागद त्या एका वाक्याच्या जोरावर पुढे जाणार होता. खुशी लिहिली आहे म्हटल्यावर ऑफिसात तिला कोण विचारणार होतं?

शनिवारी दुपारी ती आली. मला वाटलं होतं, येणार नाही. मुलीला लोकरीचा गुंडा दिला, कुंपणाला टेकली, सुया काढल्या. "सांगा बाई."

आणि माझ्या नशिबानं आम्ही चौथ्या पुस्तकाच्या शेवटाला आलो होतो. त्यात दुसरा एक मेलेला माणूस, तरुण, बाईकडे येतो आणि म्हणतो, तुझी जागा मला दे. तू किती वर्षं राबलीस, आता विसावा घे. अट अशी असते की जागा मागून मिळते, हिसकावून नाही. दोन प्रकरणं तो तिला विनवत राहतो. पुस्तकात ती जागा देते. आपली किल्ली त्याच्या हातात ठेवते आणि नदीकाठी जाऊन आडवी होते. पाचव्या पुस्तकात तिला परत यावं लागतं, ते वेगळं.

मी हे आधीच वाचलेलं होतं. सकाळपासून घरात येरझारा घालत होते. डबे पुसले, पुसलेले परत पुसले. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"तो म्हणाला, तुझं टोकन दे," मी सांगितलं. "ती म्हणाली, नाही देणार."

तिच्या सुया थांबल्या. "बाई, गुरुवारी तुम्ही सांगतलं होतं का तिनं मनातल्या मनात देऊन टाकलं. फक्त हात पुढं कराचा बाकी हाय."

सांगितलं होतं. वहीत होतं.

"हे पुस्तकात हाय का तुमचं हाय?"

खोटं बोलायला मी तयार होते, पण तिनं असं समोर विचारल्यावर जमेना. "माझं आहे," मी म्हटलं.

मग वहिनी म्हणाल्या, "अवो, मंग पुस्तकातलं सांगा ना. आम्ही का लहान लेकरं हाव?"

मी सांगितलं. टोकन दिलं, नदीवर गेली, झोपली. एकदोघींनी हळहळ केली. तिनं लोकर गुंडाळली, मुलीचा हात धरला आणि "येतो" म्हणून निघून गेली. रस्ता ओलांडेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. आधी तिच्या तोंडी नसलेलं वाक्य तिच्या सहीवर ठेवलं, आणि आता भर दुपारी सर्वांसमोर तिला सांगितलं की जागा देऊन टाकणं कसं शांत असतं. एका आठवड्यात एका बाईचं मी आणखी काय बिघडवायचं शिल्लक होतं?

रात्री जेवताना आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू अर्ज लिहितेस, न्याय करत नाहीस. तिनं हो म्हटलं ना?"

"तिनं 'बाबा म्हणतात तसं' म्हटलं."

"मग?"

"मग मी खुशी कुठून लिहिली?"

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "ऑफिसात आवक नंबर पडेपर्यंत कागद त्यांचाच असतो. बघ बुवा."

रविवारी जामुलच्या सिमेंट कारखान्याकडून वारा होता. त्या दिशेनं वारा आला की सिमेंटची बारीक पूड तारेवरच्या कपड्यांवर बसायची, म्हणून वाळत घातलेलं सगळं मी काढलं, घडी केली, मोडली, पुन्हा केली. दहा वाजता फायलीतली प्रत घेतली आणि रस्ता ओलांडला.

सासरे दारात खाटेवर उन्हाला बसले होते. ती नळाखाली भांडी घासत होती. मुलगी पायरीवर पाटी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "बाबा, त्या अर्जात माझी एक चूक झाली आहे. तो कागद मला परत पाहिजे."

"साहेबाच्या घरच्या बाईनं लिहिलं, त्यात चूक कशी राहीन?" ते हसले, पण त्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला. "कोणती चूक?"

"एक वाक्य मी माझ्या मनानं लिहिलं. तुम्ही कुणी सांगितलं नव्हतं."

आणि मी प्रत उघडून पूर्ण पत्र मराठीत वाचलं. हे मी शुक्रवारीच करायला हवं होतं. नाव, नंबर, नवऱ्याचं खातं, दिराचं नाव. शेवटी आले. "हे मी माझ्या पूर्ण खुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे."

भांड्यांचा आवाज थांबला. ती उठली. हात राखेनं भरलेले, तसेच अंगापासून लांब धरलेले.

"हे मी कवा म्हटलं?"

"असं लिहाच लागते, पोरी," सासरे म्हणाले. "सरकारी कागदात राहतेच."

ती त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलली. "बाई, मी म्हटलं होतं का?"

"नाही. तुम्ही नव्हतं म्हटलं."

"मंग खोडा."

"खोडलं तर हापिसात घेतीन का?" म्हाताऱ्यानं मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "बहुतेक नाही घेणार. तिला बोलावून विचारतील."

ते सुनेकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मंग म्हण ना माय, खुशीनं देतो म्हणून. एक बोल तं हाय."

मला वाटलं, आता ती म्हणेल. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. आताही मान खालीच होती.

"बाबा, तुम्ही जे म्हणान ते लिहून देतो. पर खुशी नाही हाय. ते कसं लिहू?"

नाही म्हणून ती म्हणालीच नाही, हे नीट लक्षात घ्या. तिनं फक्त एक वाक्य खोडायला सांगितलं. त्या वाक्याशिवाय कागद उभा राहत नव्हता, हे तिघांनाही समजत होतं. म्हातारा उठला नाही, ओरडला नाही. खिशातून घडी काढली, उलगडली, न कळणाऱ्या त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लहान्याले काय सांगू मी?" त्यानं तो कागद मला दिला नाही, फाडलाही नाही. परत खिशात घातला. मंगळवारच्या पॅसेंजरनं तो गावी गेला, कागद घेऊनच. मधल्या सोमवारी पूर्ण दिवस मी ऑफिसच्या दिशेनं जाणारी प्रत्येक सायकल खिडकीतून बघितली.

कागद ऑफिसात गेला नव्हता, हे मार्चमध्ये कळलं, तिला बोलावणं आलं तेव्हा. तिला प्लांटच्या एका स्टोअरमध्ये लावलं. जनरल शिफ्ट. दुपारी ती मोकळी राहिली नाही, आणि तोवर उन्हाळा लागून आमची विणकामाची बैठकही मोडली. पुढच्या हिवाळ्यात मी पाचवं पुस्तक काढलं, पण टोकन कुठून काढायचं आणि कुठे लावायचं यात मी चुकले तरी कुणी टोकेना. वहिनींनी जांभया दिल्या. मेलेली बाई पुन्हा परदेशी झाली.

मी मात्र मनाशी धरून बसले होते की त्या रविवारी तिच्या तोंडून ते शब्द निघाले यात माझ्या पुस्तकांचा वाटा होता. एवढे महिने एका बाईनं रोज कामावर जायचंच, अशी गोष्ट ऐकली म्हणून. असं वाटलं की शुक्रवारची चूक जरा हलकी व्हायची. म्हणून काही वर्षांनी एकदा ती सेक्टरच्या भाजीबाजारात भेटली तेव्हा मी विचारलंच. ती घाईत होती. कामाच्या कपड्यांवर शाल, एका हातात मेथीची जुडी. मुलगी आता तिच्या खांद्याला लागत होती.

"त्या गोष्टीचं तुमच्या मनात होतं का हो, सासऱ्यांना बोललात तेव्हा?"

ती आधी समजलीच नाही. मग हसली. तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"नाही वं बाई! त्या बाईले पोरगी कुठं होती? तिचं काय, दिलं टोकन आन् झोपली."

मुलीनं तिचा पदर ओढला. तिनं मेथी पिशवीत कोंबली, मला "येतो" म्हटलं, आणि त्या दोघी गर्दीतून वाट काढत बसकडे पळाल्या.